गरमी

"गरमी झालीय तुला," आई म्हणाली आणि माझ्या बशीत चहा सांडला.

मे महिन्यात खोपोलीत गरमी कोणाला होत नाही? पण मी रात्रभर मोबाइलवर वाचत बसलो होतो आणि तिथे 'गरमी' म्हणजे उपदंश. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदग्रंथात त्याला फिरंगरोग म्हटलंय. म्हणजे त्यांनी खापर फिरंग्यांवर फोडलं. मला तेवढीही सोय नव्हती. कर्जतजवळचं फार्महाऊस, मित्राचं लग्न, आम्ही दोघंही तिशी ओलांडलेले, मर्जी दोघांची, आणि मध्ये कंडोम. पाकिटावरची एक्सपायरी मी टॉर्च लावून दोनदा वाचली होती. इतकं लक्षपूर्वक मी कर्जाचे कागदही वाचले नव्हते.

तरी झोप उडाली ती उडालीच. मांडीवर एक पुळी उगवली. तिच्यावर मी सकाळ-संध्याकाळ हातआरशाने पहारा ठेवला. इकडे आईचा सब्जा, गुलकंद, धण्या-जिऱ्याचं पाणी सुरू. चार दिवसांत पुळी गेली, तर मी जास्तच हादरलो. कारण उपदंशाचा पहिला फोडही आपोआपच बरा होतो. एचआयव्ही-एड्स हेल्पलाइनचा 1097 लावला, पलीकडून "हॅलो" आलं आणि ठेवून दिला.

खोपोलीत तपासणी म्हणजे गावजेवणच. म्हणून कर्जतची लोकल पकडली, तर समोर शेजारचे नाना.

"कुठे रे?"

"कर्जतला. हिमोग्लोबिन."

पळसदरी येईपर्यंत नाना बिटावर बोलले.

रुग्णालयातल्या समुपदेशक मॅडमनी दार लावलं.

"फाटला होता?"

"नाही."

"निसटला?"

"नाही."

"मग?"

"झोप लागत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. फाटला असता तर 72 तासांच्या आत यायला हवं होतं, म्हणाल्या. तेव्हा औषध सुरू करता येतं. नीट वापरला तर एचआयव्ही, परमा यांचा धोका फारच कमी होतो. गुप्तांगावरची नागीण (हर्पिस) आणि चामखीळ, उपदंश मात्र न झाकलेल्या कातडीतूनही येऊ शकतात, म्हणून फोड आला तर दाखवायचा. "आरशाला नाही, डॉक्टरला."

(आरशाचं मीच सांगितलं होतं. त्या खोलीत माणूस फार खरं बोलतो.)

संमतीची सही झाली. 2017 च्या कायद्याने एचआयव्हीची गोष्ट इथून बाहेर जायची नाही, हेही त्यांनी समजावलं. पैसे शून्य. अर्ध्या तासाने निकाल: सगळं निगेटिव्ह. "पण अजून विंडो पिरियड आहे, लागण असली तरी इतक्यात दिसेलच असं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा या."

कायदा मॅडमना लागू होता, नानांना नव्हता. घरी पोचलो तर ताटात बिटाची कोशिंबीर. मग बिटाचे पराठे. मग बिटाचा हलवा. जूनच्या एका सकाळी लघवी लाल झाली आणि मी पुन्हा 1097 लावला. या वेळी बोललो. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, काल काय खाल्लं होतं?

ऑगस्टात धो-धो पावसात खोपोली स्टेशनावर उभा होतो. मागून छत्री आली.

"हिमोग्लोबिन ना? थांब, मीही येतो. माझंही बघून टाकू."