राष्ट्रपतींची विनंती, कारकुनाची मर्जी
भारतीय पासपोर्ट १९६७ च्या कायद्यानुसार मिळतो. शुल्क नागरिक भरतो, पोलीस पडताळणी नागरिकाची होते, जपूनही तोच ठेवतो. मालकी मात्र केंद्र सरकारची. धारकाला विनाअडथळा जाऊ द्यावे, अशी विनंती त्यात राष्ट्रपतींच्या नावाने छापलेली असते. तिला मान देऊन परकी वकिलात बँकेचे स्टेटमेंट मागते. प्रौढांच्या पासपोर्टची मुदत १० वर्षे. अनेक देशांना त्यातले ६ महिने शिल्लक लागतात, म्हणून ती साडेनऊच भरते. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ शेरा पडतो. त्याला आखातात नोकरीसाठी जाताना मायदेशाचीही मंजुरी लागते. व्हिसा मिळाला, तरी प्रवेशाचा अंतिम निर्णय तिथला इमिग्रेशन अधिकारीच घेतो.