झाकली पिशवी

आमच्या इमारतीतले अण्णा भेंडी घेतात तेव्हा भाजीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड करून उभा राहतो. त्याला ते बघवत नाही. अण्णा एकेक भेंडी उचलतात, अंगठ्याने तिचं शेपूट मोडतात. 'टक्' असा आवाज आला तर आपल्या पाटीत, नाही आला तर परत त्याच्या ढिगात. पाव किलो भेंडीसाठी अण्णा अर्ध्या किलोची शेपटं मोडतात, असं भाजीवाल्याचं म्हणणं आहे. नारळ कानाशी धरून हलवायचा, कलिंगडाला टिचकी मारायची, आंब्याच्या पेटीतला वरचा थर काढून खालच्या थराची चौकशी करायची. वाण्याकडे गेल्यावर आधी रिकाम्या काट्याकडे बघायचं, मग मालाकडे. आगपेटी घरी आणून तिच्यातल्या काड्या मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

यात स्वभावाइतकाच नोकरीचा हात आहे. अण्णा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. लोखंडी वजनाच्या भोकात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर खात्याचा शिक्का असतो, हे मला त्यांनीच दाखवलं. पाकीटबंद माल हा त्यांचा खास प्रांत. २०११च्या नियमांप्रमाणे पाकिटावर काय काय छापलेलं हवं, ते अण्णा रामरक्षेच्या चालीवर म्हणतात: मालाचं नाव, निव्वळ वजन किंवा संख्या, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रार कुठे करायची ते. तेहेतीस वर्षं या माणसाने एकच काम केलं. बाहेर लिहिलंय तेच आत आहे का, ते पाहिलं. 'मापात पाप' हा आपल्यासाठी वाक्प्रचार असेल, अण्णांसाठी तो गुन्ह्याचा प्रकार आहे.

त्याच अण्णांना गेल्या वर्षअखेरीला मी कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानाबाहेर रांगेत उभं पाहिलं. रांग बंद पिशव्यांसाठी होती. खाकी कागदाची पिशवी, तोंडाला पाच-सहा पिना मारलेल्या, अंगावर फक्त एक भलंमोठं प्रश्नचिन्ह. किंमत ४९९ रुपये, आत 'किमान दीड हजाराचा माल'. कसला माल, कोणी बनवला, कधी बनवला, काही नाही. उचला, पैसे द्या, चालू लागा. परत आणायची नाही.

मी चाटच पडलो. "अण्णा, तुम्ही? ही पिशवी तुमच्या नियमांत बसते का?"

"मी निवृत्त आहे," अण्णा शांतपणे म्हणाले.

आत पिशव्यांचा डोंगर होता. अण्णांनी एक उचलली आणि सवयीने कानाशी धरून हलवली. मग दोन हातांत दोन पिशव्या घेऊन तोलल्या. जड पिशवीत चिनी मातीचं काहीतरी असणार, हलकीत अत्तर असू शकतं, खुळखुळणारीत खोटे दागिने, मुकी असेल तर कपडे. ढिगातली वरची पिशवी घेऊ नये, ती दुकानदाराने मुद्दाम वर ठेवलेली असते. तळाचीही घेऊ नये, ती आपल्यासारख्या शहाण्यांसाठीच तळाशी सारलेली असते. हे शास्त्र ते मला अधिकारवाणीने सांगत होते आणि असल्या रांगेत उभं राहण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती. पाऊण तासाने एक पिशवी पसंत पडली. प्रसूतिगृहातून बाळ आणावं तशी ती छातीशी धरून अण्णा रिक्षात बसले.

पिशवी लगेच उघडली नाही. खरी गंमत इथेच आहे, म्हणून जरा थांबतो. ती आधी टेबलावर मधोमध ठेवली गेली. चहा झाला. समोरच्या बिऱ्हाडातली मुलं आली, वरच्या मजल्यावरच्या आजी आल्या, त्यांनी पिशवी दाबून पाहिली आणि "टॉवेल आहे" असा निकाल दिला. मुलांनी हेडफोन सांगितले. अण्णा म्हणाले, घड्याळही असू शकतं. ज्या घरात एरवी संध्याकाळी बातम्यांच्या आरडाओरड्याशिवाय दुसरा आवाज नसतो, तिथे अर्धा तास नुसता हशा चालला होता. शेवटी काकू कात्री घेऊन आल्या. "उघडा आता. आत काही जिवंत असलं तर गुदमरेल."

उघडली. एक मोबाइलचं कव्हर निघालं, ते ज्या फोनला बसतं तो अख्ख्या इमारतीत कुणाकडे नाही. एक पोपटी शर्ट, माप एक्स्ट्रा स्मॉल. 'वर्ल्ड्स बेस्ट मॉम' असं छापलेला मग. लसूण चेपायचा चिमटा. नाताळचे मोजे, त्यांवर सांबर.

मुलं निघून गेली. आजी "टॉवेल असता तर बरं झालं असतं" म्हणत वर गेल्या. अण्णांनी मात्र पेन्सिल काढली आणि पाकिटाच्या पाठीवर किमती मांडल्या: ३९९, ७९९, ३४९, १९९, १४९. बेरीज १८९५. "दिले किती? ४९९. म्हणजे १३९६ रुपयांचा फायदा."

"मग ते १३९६ मला रोख द्या," काकू म्हणाल्या. "सिलिंडर आणायचाय."

छापील किंमत ही जास्तीत जास्त किती घेता येईल त्याची मर्यादा असते, ती वस्तूची लायकी नव्हे, हे याच अण्णांनी सोसायटीच्या ग्राहकदिनाच्या भाषणात अर्धा तास सांगितलं होतं. मी आठवण करून दिली. त्यांना ऐकू आलं नाही. शर्टाचं काही करता येईल का, म्हणून मी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं नाव काढलं, तेव्हा मात्र लगेच ऐकू आलं. "वस्तू सदोष असेल तर दुकानदाराला परत घ्यावीच लागते. भिंतीवर काहीही पाटी लावू दे. पण या शर्टात दोष कुठाय? मापात पाप आहे ते माझ्या."

तेव्हापासून अण्णा पिशवीबहाद्दर झाले आणि मला ही जात जिथे तिथे दिसू लागली. यातला माणूस उधळ्या नसतो, हे आधी लक्षात घ्या. उधळ्या माणूस हवी ती वस्तू हव्या त्या किमतीला घेऊन मोकळा होतो. पिशवीबहाद्दर हा मुळात काटकसरी, संशयी, दोन रुपयांसाठी दोन दुकानं फिरणारा. हजाराचा शर्ट तो कधी घेणार नाही. पण आठशेचा शर्ट 'फुकटात' पदरात पडतोय म्हटलं की त्याच्या संशयाचा काटा शून्यावर येऊन थांबतो. पदरी पडलं आणि पवित्र झालं. वाईट निघालं तर "पाचशेत अजून काय मिळणार", चांगलं निघालं तर "बघितलंस?". हरण्याची सोयच नाही.

आमच्या पिढीला हा रोग शाळेच्या फाटकाशीच लागला. टपरीवर एक पुठ्ठा टांगलेला असायचा, त्यावर बारीक बारीक पुड्या चिकटवलेल्या आणि सगळ्यांत वर एक घड्याळ. पाच-दहा पैशांत एक पुडी फाडायची. शिट्टी निघायची, अंगठी निघायची, पुन्हा शिट्टी निघायची. घड्याळाची चिठ्ठी टपरीवाल्याच्या खिशात असते, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरी रांग हटत नव्हती. अमेरिकेत बी. एफ. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हेच कबुतरांवर करून पाहिलं. चोच मारल्यावर दाणा कधी मिळेल याचा नेम नसला, की कबुतर थांबता थांबत नाही. स्किनरसाहेबांना प्रयोगशाळा लागली. आमच्या टपरीवाल्याने पुठ्ठ्यावर भागवलं.

दुकानदाराची बाजू तर सरळच आहे. वर्षभर न खपलेला माल जागा अडवतो. त्यावर 'सत्तर टक्के सूट' असं लिहिलं तर लोक वस्तूकडे बघतात आणि ती का खपली नाही ते त्यांना ताबडतोब कळतं. तीच वस्तू पिशवीत घालून पिना मारल्या की लोक पिशवीकडे बघतात. शंभरातल्या दोन पिशव्यांत खरंच बरं काही टाकायचं. त्या दोघांची गोष्ट डोंबिवली ते ठाणे लोकलमध्ये आपोआप पसरते. उरलेले अठ्ठ्याण्णव लाजेने गप्प बसतात.

अण्णांच्या या व्यसनाला कुळ आणि मूळ मिळवून दिलं ते त्यांच्या पुतणीने. ती तोक्योत निशी-कासाईला राहते, जिथे आपले इतके लोक आहेत की परदेशात गेल्यासारखं वाटत नाही म्हणे. नवीन वर्षाच्या व्हिडिओ कॉलवर तिने सांगितलं, की जपानात या पिशवीला फुकुबुकुरो म्हणतात. फुकु म्हणजे भाग्य. (अण्णांनी आधी 'फुकट' ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला.) नववर्षात दुकानं उघडतात तेव्हा पाच हजार, दहा हजार येनच्या बंद पिशव्यांसाठी लोक पहाटेच्या थंडीत रांगा लावतात. एचिगोया नावाच्या जुन्या कापडदुकानाने कापून उरलेले तुकडे पिशवीत भरून विकले, तिथून हे सुरू झालं असं सांगतात. उरलेल्यात भाग्य असतं, अशी तिकडे म्हणच आहे. "म्हणजे चिंध्याच की," काकू मागून म्हणाल्या. पिशवीत भलतंच निघालं, तर तिकडची तरुण मंडळी तिला उत्सुबुकुरो म्हणतात. त्यातला 'उत्सु' उत्सुकतेतला नव्हे, त्याचा अर्थ उदासी. उघडण्याआधी आपला उत्सु आणि उघडल्यावर त्यांचा, इतकं नेमकं नाव मला तरी सुचलं नसतं.

पुतणीने आणखी एक सांगितलं. पिशव्या फोडल्यावर लोक दुकानाबाहेरच उभं राहून नको त्या वस्तूंची अदलाबदल करतात. झालं. पुढच्या रविवारी अण्णांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये अदलाबदल मेळावा भरवला. तोवर इमारतीत आणखी सात पिशवीबहाद्दर तयार झाले होते. दोन तास देवघेव चालली. शेवटी हिशेब केला तेव्हा आठ जणांकडे मिळून लसूण चेपायचे पाच चिमटे होते आणि लसूण चेपायची इच्छा कुणालाच नव्हती.

मग अण्णांची नात आली ती लबुबू मागत. मोठ्या कानांचा, दात विचकणारा तो चिनी बाहुला. तोही बंद डब्यात येतो आणि त्यातला गुपित बाहुला ७२ डब्यांत एकदा निघतो, असं डब्यावरच छापलेलं असतं. अण्णा ते वाचून हरखले. "बघ! निदान शक्यता तरी छापलीय. आपल्या पिशवीवर तेवढंही नाही." खात्यातला माणूस त्यांच्यात क्षणभर जागा झाला. किंमत बघून मात्र त्यांनी नातीला बारामतीत बनणारं ते चॉकलेटचं अंडं घेऊन दिलं. आत खेळणं असतंच. नात दोन मिनिटं खेळली. अंडं अण्णांनी खाल्लं, मधुमेह असून.

मग संक्रांत आली. काकूंकडे हळदीकुंकू होतं आणि वाण काय लुटायचं याची चिंता दरवर्षीसारखी होती. काकूंनी कपाट उघडलं. अण्णांच्या महिनाभराच्या फायद्याने ते गच्च भरलेलं. त्यांनी प्रत्येक वस्तू जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली, वरून दोरा बांधला आणि 'सरप्राइज वाण' म्हणून वाटलं. बायकांना ही कल्पना इतकी आवडली, की पुढच्या दोन घरांनीही तेच केलं. माझ्या घरी तीन हळदीकुंकवांतून तीन पुड्या आल्या. तिन्हींत काय निघालं ते सांगत नाही. एवढंच सांगतो, की आमच्याकडे लसूण अजूनही ठेचूनच वापरतात.

त्या रात्री गच्चीवर मी अण्णांना सरळच विचारलं, "तुम्हांला यात मिळतं काय?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, तेहेतीस वर्षं पाकिटं तपासली. लिहिलंय पाचशे ग्रॅम, निघालंय चारशे ऐंशी. कधी मनासारखं निघालंच नाही, कारण लिहिल्यापेक्षा जास्त कुणी भरत नाही. या पिशवीवर काही लिहिलेलंच नाही. पहिल्यांदाच असं वाटतं, की आपल्याला कोणी फसवत नाहीये."

सकाळी खाली उतरलो तर अण्णा भाजीवाल्यापाशी उभे होते आणि भेंड्यांचा 'टक्, टक्' आवाज चालला होता. घरी ते आता चहा 'वर्ल्ड्स बेस्ट मॉम'च्या मगातूनच घेतात. पोपटी शर्ट मात्र अजून पडून आहे. आपल्यापैकी कुणाला एक्स्ट्रा स्मॉल बसत असेल तर कृपया कळवावं. शर्ट फुकट आहे, फक्त अण्णांची एक अट आहे: तो बंद पिशवीतून न्यावा लागेल, आणि घरी पोचेपर्यंत उघडायची नाही.