मामा, वाडा आणि कमळगट्टा

भंडारा जिल्ह्यात मामा दोन प्रकारचे. एक मामा तलाव, म्हणजे कागदोपत्री माजी मालगुजारी तलाव. दुसरे आमचे मामा, तेही माजीच. माजी कबड्डीपटू, माजी भरती-उमेदवार. पहाटे तलावाच्या पाळीवर पोलीस भरतीची पोरं 1600 मीटर धावतात, तेव्हा मामा सायकलवर बसल्या बसल्या एक पाय टेकवून मोबाईलवर वेळ लावतात. स्वतः धावत नाहीत. "मी धावलो त पोट्टे खचतीन," म्हणतात.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे 'वाडा'ची यादी मोबाईलवर सापडली आणि मामांना नवी नोकरीच लागली. मालगुजाराच्या वाड्याबद्दल जुनी माणसं बोलायची तसं मामा बोलतात: "वाड्यावर चालत नाही." चहाच्या टपरीवर त्यांचा निकाल ठरलेला. लघवीत मिलिलिटरमागे 12 मायक्रोग्रॅमच्या वर कॅफिन निघालं की पूर्वी खेळाडू अडकायचा. 2004 पासून ती बंदी उठली, पण कॅफिनवर लक्ष ठेवणं चालू आहे. "चहा जामिनावर हाय," असं सांगून मामा दुसरा कप मागवतात. पालकातल्या एक्डिस्टेरॉनवर 2020 पासून अशीच पाळत आहे. मामींनी पालकाची भाजी केली की मामा आधी दार लावून घेतात.

बीट मात्र मोकळं. त्यातल्या नायट्रेटमुळे तेवढ्याच कामाला स्नायूंना ऑक्सिजन थोडा कमी लागतो. रस दोन-तीन तास आधी प्यायचा. मामांनी सगळ्यांना पाजला. त्यातल्या एकाची लघवी लाल झाली. तो ओरडत थेट दवाखान्याकडे सुटला. मामांनी सवयीनं घड्याळ लावलं. त्या पोराची इतकी चांगली वेळ पुन्हा कधी आली नाही.

सावजी रश्शातली खसखस? तिच्यानं लघवीत मॉर्फिन दिसू शकतं. "पण बंदी स्पर्धेपुरतीच. आज कुठं स्पर्धा हाय?" एवढं बोलून मामा रस्सा पुन्हा वाढून घेतात.

2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर उत्तेजक चाचणीत अडकलेला पैलवान नरसिंग यादव म्हणाला, माझ्या खाण्यात कुणीतरी भेसळ केली. आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेनं, म्हणजे 'नाडा'नं, ते मानलं, क्रीडा लवादानं मानलं नाही. चार वर्षांची बंदी. तेव्हापासून मामांच्या डब्याला कुलूप आहे. आत भात आणि वांग्याची भाजी. मामांना गोवून कुणाला काय मिळणार, हे विचारायची कुणाची हिंमत नाही.

खरी गंमत कमळगट्ट्याची. आमच्या तलावांत कमळं भरपूर. कोवळा गट्टा सोलून दोन पांढऱ्या फाका उघडल्या की मध्ये हिरवा कोंब निघतो. जहर कडू. तो नखानं उडवून द्यायचा, हे आम्हांला अक्षरओळखीच्या आधी येतं. मामांनी जाहीर केलं, "ह्या कोंबात हायजेनामिन असते. 2017 पासून वाड्याच्या यादीत नावानिशी." पुढं लिव्हरपूलचा फुटबॉलपटू ममादू साखो याची कथा: 2016 मध्ये ते त्याच्या नमुन्यात सापडलं, पण तेव्हा यादीत नाव नव्हतं म्हणून तो सुटला. साखो तुमसरचा असावा इतक्या आपुलकीनं सांगितली.

पोरांनी एवढंच ऐकलं की बंदी आहे, म्हणजे दम असणार. दुसऱ्या दिवसापासून पाळीवर कोंब एकही पडलेला दिसेना. सगळे तोंड वाकडं करून चघळताहेत. गट्टे विकणाऱ्या मावशीनं फाका वेगळ्या, कोंब वेगळे असे दोन ढीग मांडले. कोंबाचा भाव जास्त. मामा पाहत राहिले. मग हळूच एक कोंब त्यांनीही तोंडात टाकला, "परीक्षणासाठी."

गेल्या शंकरपटात मामा पहिल्या आलेल्या बैलजोडीभोवती दोन फेऱ्या मारून आले. "काऊन गा, काय चारतेस ह्याले?"

"ढेप अन् कुटार," बैलवाला म्हणाला.

"तसं नाही चालत. नमुना पाहा लागते."

बैलवाल्यानं बैलाच्या शेपटीकडं पाहिलं. "मंग बाटली घेऊन लवकर या ना मामा. त्यानं सुरू केलं."