पडलो तरी नाक वर
ब्रिटिश टॅब्लॉइड ‘द सन’च्या ‘बिझार’ या गॉसिप सदरात पिअर्स मॉर्गन ताऱ्यांना खेटून काढलेले स्वतःचेच फोटो छापत. सेल्फीच्या कितीतरी आधी! द्रष्टेपणा म्हणतात तो हाच. १९९४ मध्ये माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉक यांनी त्यांना, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’चं संपादक केलं. पुढे ‘डेली मिरर’. तिथे इराकी कैद्याला छळणाऱ्या ब्रिटिश सैनिकांचे फोटो झळकले, बनावट निघाले आणि २००४ मध्ये खुर्ची गेली. आपल्याकडे असा संपादक फार तर दिवाळी अंकाचा सल्लागार झाला असता. हे अमेरिकेत जाऊन टॅलेंट शोमध्ये परीक्षक झाले. इतरांच्या अस्सल गुणांचे! २०११ मध्ये तर सीएनएनवर लॅरी किंग यांच्या जागी जाऊन बसले.

२०२३ मध्ये लंडनच्या न्यायाधीशांनी म्हटलं, ‘मिरर’मधल्या फोन हॅकिंगची मॉर्गन यांना कल्पना होती. ते साफ नाकारतात. म्हणजे साऱ्या नटनट्यांची गुपितं ठाऊक, आपल्या कचेरीतलं तेवढं नाही.

दुसऱ्यांना टोचण्यात वाकबगार. पण २०२१ मध्ये मेगन मार्कलवरून सहकाऱ्यानं चार शब्द सुनावले, तर ब्रिटिश टीव्हीवरच्या चालू कार्यक्रमातून तरातरा उठून गेले.

रिओ ऑलिंपिकमध्ये भारताला दोनच पदकं मिळाली तेव्हा आपल्या जल्लोषालाही त्यांनी नाकं मुरडली होती. सेहवागनं इंग्लंडनं तोवर न जिंकलेल्या एकदिवसीय क्रिकेट विश्वचषकाची आठवण करून दिली. गप्प बसतील तर मॉर्गन कसले? भारताच्या पुढच्या ऑलिंपिक सुवर्णाआधी इंग्लंड हा विश्वचषक जिंकेल, अशी दहा लाख रुपयांची पैजच त्यांनी पुढे केली. इंग्लंड २०१९ मध्ये जिंकलं. नीरज चोप्राचं सुवर्ण आलं २०२१ मध्ये.