बालविभागातली मोठी माणसं

म्हैसूरच्या गोकुलममध्ये कुणालाही 'काय करता?' असं विचारलं तर तीनपैकी एक उत्तर मिळतं: योग, इन्फोसिस किंवा रिटायर्ड. आमच्या घरात वरच्या मजल्यावरचे भाडेकरू पहिल्या गटातले, मुलगी दुसऱ्या आणि मी तिसऱ्या. मी पुण्यात ग्रंथपाल होते, हे एकदा बोलण्याच्या ओघात शेजारच्या अम्मांना सांगितलं. पुढच्याच रविवारी इथल्या ग्रंथालयाच्या बाल आणि युवक विभागाची देखरेख माझ्या गळ्यात पडली. मानधन म्हणून फिल्टर कॉफी. तीही अम्मांच्या घरची, म्हणजे सरकारी तिजोरीवर भार शून्य.

देखरेख म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ओठांवर बोट ठेवलेली बाई येते. पण मुलांना गप्प करणं हे या कामातलं सर्वांत किरकोळ काम आहे. मुलांच्या भांडणाला निदान कारण असतं. मोठी माणसं बालविभागात का येतात आणि आली की जात का नाहीत, याचं कारण शोधण्यात माझे रविवार जातात.

आजोबांचंच बघा. बालविभागातला पंखा अख्ख्या ग्रंथालयात सर्वांत चांगला, ही बातमी गोकुलमच्या ज्येष्ठ नागरिकांपासून फार दिवस लपून राहिली नाही. सकाळी 'मैसूरु मित्र' निघतो, संध्याकाळी 'स्टार ऑफ मैसूर', त्यामुळे आजोबांच्याही दोन पाळ्या होतात. खुर्च्या सहा वर्षांच्या मुलाच्या मापाच्या. बसताना आजोबा सहज बसतात. उठताना मात्र दोन मुलं लागतात, एक हात धरायला आणि एक पेपर धरायला. 'तात, मोठ्यांची खोली पलीकडे आहे' असं मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगून पाहिलं. 'स्वल्प अड्जस्ट माडि, अम्मा,' म्हणजे 'जरा सांभाळून घ्या', एवढंच उत्तर आलं. शिवाय त्यांचा हक्क पक्का. कर्नाटकात घरपट्टीवर सहा टक्के ग्रंथालय उपकर असतो, आणि तो भरल्याची पावती एका आजोबांच्या खिशात कायम असते. महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यात असा उपकर नाही, अनुदान आहे. पुण्यात मी आयुष्यभर अनुदानाची वाट पाहिली. इथे उपकर भरणारे माझी वाट पाहत दारात उभे असतात.

मग आया. आईला मुलाने वाचायला हवं असतं, पण मूल जे वाचतंय ते नको असतं. 'कॉमिक्स नको हो मॅडम, काहीतरी वाचायचं द्या,' हे वाक्य मी इतक्या भाषांत ऐकलंय की आता भाषा कळली नाही तरी वाक्य कळतं. मुलगा 'अमर चित्र कथा' छातीशी धरून उभा, आई ज्ञानकोशाचा तिसरा खंड घेऊन उभी. दोघांच्या मधे मी. अशा वेळी मी मुलाच्या बाजूने एक ग्रंथालयीन मुद्दा काढते. 'कृष्ण' या अंकावर क्रमांक 11 आहे. मग 1 ते 10 कुठे गेले? नवा आलेला जवळजवळ प्रत्येक मुलगा हे विचारतोच, आणि चोरीची फिर्याद नोंदवायला आल्यासारखा गंभीर होऊन विचारतो. खरी हकिकत अशी की पहिले दहा अंक सिंड्रेला वगैरे परदेशी परीकथांचे होते, आणि तेही कन्नडमध्ये. 'अमर चित्र कथा' काढणारे अनंत पै स्वतः कर्नाटकातल्या कारकळचे. हे ऐकल्यावर आई जरा नरमते. कॉमिक्समध्ये 'माहिती' निघाली ना! मुलगा मात्र नरमत नाही. 'मग ते दहा द्या,' म्हणतो.

यादवगिरी इथून जवळच. तिथे आर. के. नारायण यांचं घर आहे. 2016 पासून ते वस्तुसंग्रहालय म्हणून बघता येतं. पालक मुलांना तिथे नेतात, फोटो काढतात आणि परतताना आमच्याकडे 'स्वामी अँड फ्रेंड्स' मागतात, का तर 'इंग्लिश सुधारतं'. 1935 साली आलेल्या त्या पुस्तकातल्या पोराला सोमवारची शाळा नकोशी होते. आता त्याच्यावर शाळेत प्रश्न येतात आणि तेही सोडवावे लागतात. नारायण राज्यसभेत गेले तेव्हा 1989 मध्ये त्यांनी भाषण केलं ते दप्तराच्या ओझ्यावर. दप्तरांवर त्या भाषणाचा काही परिणाम झालेला दिसत नाही. मी निदान आमच्या विभागापुरता कायदा केला: दप्तर दाराबाहेर. 'आणि आई?' असं एका मुलीने बारीक आवाजात विचारलं. सूचना नोंदवून घेतली आहे.

गोकुलमचा खास प्रश्न वेगळाच. ड्यूईच्या ग्रंथवर्गीकरणात योगाला दोन घरं आहेत: तत्त्वज्ञान म्हणून 181.45 आणि व्यायाम म्हणून 613.7046. दुसऱ्या कुठल्या गावात हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. इथे पट्टाभि जोइस यांची अष्टांग योगशाळा लक्ष्मीपुरममधून गोकुलमला आली आणि तिच्या मागोमाग आलं जग. अष्टांगवाले अमावास्या-पौर्णिमेला सराव करत नाहीत. त्या दिवशी आमच्या विभागात भरती येते. शहाळं पिऊन परदेशी आया मुलांना घेऊन येतात आणि अतिशय मृदू आवाजात विचारतात, 'योग व्यायामाच्या कपाटात कसा?' त्याच वेळी पलीकडून निवृत्त संस्कृत प्राध्यापक अजिबात मृदू नसलेल्या आवाजात तेच विचारतात. मुलांसाठीचं योगाचं चित्रमय पुस्तक मी शेवटी प्राण्यांच्या फळीवर ठेवलं. भुजंग, मकर, उष्ट्र, श्वान सगळे त्यात आहेतच. एकाही मुलाची तक्रार नाही. ब्राझीलची एक चिमुरडी आणि आमच्या गल्लीतला एक पोर ते पुस्तक मधे ठेवून तासभर उंट झाले होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि दोघांच्या आया दाराशी उभ्या राहून भाषांतर पुरवत होत्या, जे कुणी मागितलंच नव्हतं.

युवक विभागाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, कारण तिथले युवक बोलतच नाहीत. त्यांना आमची पुस्तकं नको असतात. टेबल, प्लगपॉइंट आणि खिडकीजवळची जागा दिली की झालं. नीट, सीईटी, पीएसआय, एफडीए या परीक्षांचे जाडजूड ठोकळे ते घरूनच आणतात. सकाळी दार उघडण्याआधीच जागा धरलेल्या असतात. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकावा तशा इथे पाण्याच्या बाटल्या टेबलांवर पडतात, फक्त त्या आत कशा पोचतात ते मला अजून कळलेलं नाही. पुण्यात याला अभ्यासिका म्हणत आणि तिथेही हेच चाले. एकदा एका मुलाला एक कन्नड कादंबरी देत म्हटलं, 'अरे, तेजस्वींचं 'कर्वालो' वाच, पाठ दुखायची थांबेल.' त्याने नम्रपणे विचारलं, 'अज्जी, हे सिलॅबसमध्ये आहे का?' नाही म्हटल्यावर त्याने ते नम्रपणेच परत केलं. आठवड्याने मात्र तेच पुस्तक ठोकळ्याच्या आत दडवून वाचताना दिसला. मी पाहिलं नाही असं दाखवलं. देखरेखीत हेही येतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत याच युवकांना बाहेर काढायचं म्हणून कन्नड कवी कुवेंपूंची 'बोम्मनहळ्ळीय किंदरिजोगी' बसवली. ब्राउनिंगच्या पाइड पायपरचा हा कन्नड अवतार. कुवेंपूंचं 'उदयरवि' हे घर इथून जवळच, ओंटिकोप्पलमध्ये, त्यामुळे नाटकाला स्थानिक अभिमानही आपोआप मिळाला. जोगी झाला नीटचा एक विद्यार्थी, उंदीर आणि मुलं झाली आमची रोजची गिऱ्हाइकं. कथेत मुलं जोगीच्या मागे नगर सोडून जातात. आमच्या मुलांनी संहितेशी इमान राखलं आणि जोगीच्या मागे थेट शहाळेवाल्यापर्यंत गेली. पालकांमध्ये जो हाहाकार उडाला तो ब्राउनिंगलाही साधला नसता. परत आणल्यावर कळलं की शहाळ्यांचे पैसे पावतीवाल्या आजोबांनी दिले, कारण सगळ्यांच्या पुढे तेच चालत होते.

मुलांसाठी वेगळा विभाग ही कल्पना नवी आहे अशातला भाग नाही. दसऱ्याची जंबू सवारी म्हैसूरच्या ज्या रस्त्यावरून जाते त्याचं नाव सयाजीराव रोड. ज्यांच्या नावाचा हा रस्ता, त्या बडोद्याच्या सयाजीरावांनी 1910 मध्ये ग्रंथालयं उभी करायला थेट अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणलं. बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीत मुलांना खेळायला आणि वाचायला स्वतंत्र खोली होती, आणि तिथल्या ग्रंथालय चळवळीचा वृत्तान्त तिथलेच ग्रंथालय अधिकारी कुडाळकर यांनी 1919 मध्ये इंग्रजीत लिहून ठेवला. मुलांना वेगळी खोली हवी हे शंभर वर्षांपूर्वी कळलं. मोठ्यांना तिच्याबाहेर कसं ठेवायचं, हे मात्र माझ्या वाचनात कुठेच आलेलं नाही. रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या 1931 च्या पाच सूत्रांतलं एक वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. मोठ्यांसाठी ते बरोबर. मुलं मात्र ग्रंथालयात वेळ वाया घालवायला येतात, आणि त्यांना तो घालवू दिला तर जाताना काखेत पुस्तक असतंच. कुणी शेजारी बसून 'यातून काय शिकलास?' विचारलं की पुस्तक टेबलावरच राहतं.

तेव्हा म्हैसूरला आलात तर मुलांना आमच्याकडे खुशाल सोडा आणि तुम्ही राजवाडा बघून या. तो मोठ्यांसाठीच आहे. येताना घरातले जुने 'चांदोबा' असतील तर मराठीच आणा. कन्नड 'चंदमामा'त चित्रं तीच असायची, मुलांचं काही अडत नाही. सीईटीची जुनी गाइडं मात्र कृपा करून रद्दीवाल्यालाच द्या, आमच्याकडे दोन कपाटं भरून पडली आहेत.