तीन कऱ्हाड आणि एक हिरवी खूण

कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत 'कॉमन', 'शेअर्ड' किंवा 'युटिल्स' या नावाचं एक तरी फोल्डर सापडतंच. घरातल्या माळ्याचं जे, तेच याचं. ज्याला कुठे जागा नाही ते तिथे जातं, आणि वर नक्की काय काय आहे ते दिवाळीच्या साफसफाईतच कळतं. तारीख नीट छापायचं फंक्शन, रकमेत स्वल्पविराम घालायचं, लांब नाव कापून पुढे टिंबं लावायचं, मोबाइल नंबर दहा आकडी आहे ना ते बघायचं. एका टीमने लिहिलं, दुसरीने उचललं, तिसरीने त्यात आपल्यापुरता एक 'इफ' घातला, आणि चौथीला हे आपल्या ॲपमध्ये आहे याचाच पत्ता नाही.

मग कोणीतरी भल्या हेतूने तारखेच्या फंक्शनला हात लावतं आणि तिकडे पगाराच्या ॲपमध्ये लोकांच्या रजा गायब होतात. त्यानंतरच्या मीटिंगमध्ये ठरतं की या फोल्डरला, म्हणजेच लायब्ररीला, ऑटोमेटेड टेस्ट हव्यात. ठराव एकमताने मंजूर होतो, कारण काम कोणी करायचं हे त्यात नसतं.

"ते फंक्शन इतकी वर्षं चालतंय, त्याला टेस्ट कशाला?" असं विचारणारे एक ज्येष्ठ सहकारी प्रत्येक टीममध्ये असतात. त्यांना मी एरियान ५ ची गोष्ट सांगतो. युरोपचं हे रॉकेट ४ जून १९९६ रोजी पहिल्यांदा उडालं आणि सुमारे ४० सेकंदांत त्याचे तुकडे झाले. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतला कोड एरियान ४ मधून उचललेला होता. तिथे त्याची काही तक्रार नव्हती. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त निघाला आणि तो आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही. जीव हळहळतो तो याच्यासाठी की उड्डाणानंतर ती आकडेमोड नव्या रॉकेटला लागतही नव्हती. कोणी काढली नाही म्हणून चालू होती. ज्येष्ठ सहकारी हे शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "आपण कुठे रॉकेट उडवतोय?" तेही खरंच.

टेस्टचं तंत्र काही अवघड नाही. अमुक दिलं तर तमुक यावं, एवढंच लिहायचं. कोणी नवा कोड पाठवला की सर्व्हर सगळे प्रश्न पुन्हा विचारतो आणि हिरवी खूण किंवा लाल फुली दाखवतो. साधनंही तयार आहेत. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झ्युरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसल्या बसल्या जेयुनिट लिहायला घेतलं. आपण एवढ्या प्रवासात दोन सिनेमे बघून मान अवघडून घेतो. जावास्क्रिप्टकडे जेक्वेरीवाल्यांनी स्वतःची लायब्ररी तपासायला जे केलं होतं, तेच पुढे २००८ मध्ये क्युनिट या नावाने वेगळं झालं. असंख्य वेबसाइटी आपल्या एका फाइलवर उभ्या आहेत म्हटल्यावर त्यांना झोप कशी लागणार?

अवघड आहे ते 'तमुक' ठरवणं. टेस्ट लिहायचं काम नव्याने लागलेल्या एखाद्या मुलीकडे जातं (असं काम नव्या माणसाकडेच जातं) आणि ती दुपारी येऊन विचारते, "सर, पूर्ण नाव दिलं तर या फंक्शनने आडनाव आधी द्यायचं की नंतर?"

"आत्ता काय देतंय?"

"कधी आधी, कधी नंतर."

"मग तसंच लिही."

"टेस्टमध्ये 'कधी कधी' लिहिता येत नाही, सर."

माझ्या मते टेस्टचा अर्धा उपयोग इथेच वसूल होतो. मशीनला उत्तर सांगायचं तर आधी माणसांना आपसात भांडून ते ठरवावं लागतं, आणि ते भांडण पाच वर्षं तुंबलेलं असतं.

आमचं ॲप मराठीत चालायला लागलं तेव्हा तर प्रश्नांना ऊतच आला. नाव आठ अक्षरांवर कापायचं, असा नियम होता. ज्ञानेश्वर म्हणजे आपल्या हिशोबाने चार अक्षरं, कापायचं कारणच नाही. जावास्क्रिप्ट मात्र हलन्त, काना, मात्रा सगळं सुटं मोजते आणि दहा म्हणते. त्यामुळे पडद्यावर 'ज्ञानेश्…' असे पाय मोडलेले ज्ञानेश्वर दिसू लागले. फोटोऐवजी गोलात पहिलं अक्षर दाखवायचं, तर सगळे श्रीकांत आणि श्रीधर नुसते 'श'. अक्षरं माणसासारखी मोजायची सोय आता भाषेत आली आहे, पण ती वापरायला हवी हे टेस्ट लाल झाल्याशिवाय कोणाच्या डोक्यात येत नाही.

त्याहून बहारीचं प्रकरण कऱ्हाडचं. यातला ऱ्ह युनिकोडमध्ये एका वाटेने येत नाही. ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे. र खाली नुक्ता देऊनही तेच दिसतं. शिवाय र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडणारं चिन्ह, ही जुनी रीतही अजून चालते. डोळ्यांना तिन्ही कऱ्हाड सारखी, संगणकाला तीन वेगळी गावं. पहिली दोन नॉर्मलाइझ केल्यावर, म्हणजे ठरावीक एका रूपात आणल्यावर, एक होतात. तिसरं त्यालाही बधत नाही, त्याच्यासाठी हाताने कोड लिहावा लागतो. म्हणून टेस्टमध्ये ओळीने तीन कऱ्हाड लिहिलेली आहेत. बघणाऱ्याला वाटतं कोणाचा तरी कीबोर्ड अडकला होता. एकदा कोड रिव्ह्यूमध्ये "दोन काढून टाका, रिपीट झालंय" असा शेराही आला.

आकड्यांचंही तेच. ब्राउझरला एक लाख मराठीत लिहायला सांगितलं तर तो १,००,००० असे देवनागरी आकडे देतो, हिंदीत सांगितलं तर आकडे इंग्रजी देतो. आपल्या भाषेचा एवढा मान पाहून ऊर भरून येतो. पण टेस्ट ब्राउझरात चालत नव्हत्या, ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडवर चालत होत्या, आणि १३ व्या आवृत्तीपूर्वीच्या नोडला नेहमीच्या पॅकमध्ये इंग्रजीखेरीज दुसरी भाषाच येत नसे. मराठी मागितलं की तो काही न बोलता अमेरिकन पद्धतीने तीन-तीन आकड्यांवर स्वल्पविराम देई. लाखाचे शंभर हजार! पडद्यावर सगळं बरोबर आणि टेस्ट लाल, हे दृश्य माणसाचा कशावरूनही विश्वास उडवायला पुरेसं आहे.

काही टेस्ट रात्रीच फेल होतात. मध्यरात्री सुरू होतं आणि पहाटे साडेपाचला आपोआप थांबतं, भुतांच्या वेळापत्रकाला धरून. कारण साधं आहे: सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचचं, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणून आपली नवी तारीख लागली तरी त्याच्याकडे अजून काल चालू असतो. दिवसा येणाऱ्यांना हे कधी दिसतच नाही. उपाय म्हणजे टेस्टपुरतं घड्याळ गोठवायचं आणि टाइमझोन बजावून सांगायचा, आशिया/कोलकाता. सांगितल्यावरही क्रोमला नाव विचारलं तर तो बरीच वर्षं 'आशिया/कलकत्ता' म्हणत आला आहे. शहराने नाव बदललं २००१ मध्ये.

अशा लहरी टेस्टना आमच्यात 'फ्लेकी' म्हणतात. गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडच्या जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार लहरीपणा आहे. तेव्हापासून आमच्याकडे लाल फुली दिसली की कोणी कोड वाचत नाही, 'रीरन मार, होईल पास' म्हणतात, आणि बहुतेक वेळा होतेही. हे मात्र मला खरोखर घातक वाटतं. टेस्ट नसल्या तर माणूस निदान घाबरून तरी असतो. कव्हरेजचं, म्हणजे किती टक्के कोड टेस्टमध्ये चालला ते मोजायचं खूळ त्याच जातीचं: ८० टक्के झालं पाहिजे म्हटलं की लोक फंक्शन बोलावतात, काय उत्तर आलं ते न बघताच पुढे जातात. टक्के वाढतात.

एवढं सगळं करून शेवटी गाठ पडते ती हायरम राइटच्या निरीक्षणाशी. गूगलमध्ये काम करताना या गृहस्थांनी पाहिलं की वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही कागदावर काय कबूल केलंय याला अर्थ उरत नाही. तुमचा कोड जे जे करताना दिसतो त्या प्रत्येकावर कोणी ना कोणी विसंबलेलं असतं. आमच्या लायब्ररीत पैसे गोल करायचं एक फंक्शन नेमक्या अर्ध्या रुपयाला चुकत होतं. टेस्टने ते पकडलं, त्या नव्या मुलीने दुरुस्त केलं, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी हिशोबाच्या टीमचा फोन आला. त्यांनी ती चूक फार पूर्वी ओळखून आपल्या बाजूला उलटी चूक घातली होती, आणि दोन्ही मिळून ताळेबंद जुळत होता. आता लायब्ररीत दोन फंक्शनं आहेत, एक बरोबर आणि एक जुनं. जुन्याच्याही टेस्ट तिने लिहिल्या आहेत. कोड बदलला की उत्तर पूर्वीइतकंच चुकीचं येतंय ना हे सर्व्हर तपासतो आणि हिरवी खूण देतो.