आधी रान किती खोल ते बघा

मार्गशीर्षात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जाऊन बघा. ज्वारी पोटरीत आलेली असते आणि दोन तासांमधल्या भेगेत हात मनगटापर्यंत जातो. त्या भेगेतून ओल उडून जाते. शेतकरी दातेरी कोळपं चालवून भेग बुजवतो, ओल आत कोंडतो. परतीच्या पावसानं दिलं तेवढ्यावर पीक उभं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुनी माणसं सांगतात ते याचसाठी. शाश्वत शेती ती हीच.

सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन 1933 पासून चालू आहे. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ 1968 चं. म्हणजे सोलापूरचं काम त्याहून पस्तीस वर्षांनी थोरलं. मोहोळच्या केंद्रानं निवडलेली मालदांडी 35-1 भाकरीच्या चवीला आणि कडब्याला आजही लोक नावानं मागतात. ती आली कुठून? इथल्याच शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखलेल्या मालदांडीतून. शेतकऱ्यानं बी दिलं, संशोधकानं पारखून परत दिलं. भागीदारी म्हणतात ती याला.

पुढे विद्यापीठानं रानाच्या खोलीप्रमाणे वाण दिले. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. लाखमोलाचं ज्ञान आहे हे. पण दुकानात बियाण्याची पिशवी हातात देताना ‘तुमचं रान किती खोल?’ असं कोण विचारतं?

म्हणून तीन गोष्टी ठामपणे मागतो. एक, कोरडवाहू संशोधनाला दहा वर्षांचा पैसा एकदम बांधून द्या. वाणाची परीक्षा दुष्काळातही व्हावी लागते आणि अतिवृष्टीतही. दोन हंगामांच्या निधीत ती होत नाही. दोन, प्रयोग शेतकऱ्याच्या रानात घ्या आणि फसला तर नुकसान विद्यापीठानं भरून द्या. हातावर पोट असलेल्यानं विज्ञानाचा धोका एकट्यानं का सोसावा? तीन, वाण ठरवताना भाकरी थापणाऱ्या बाईला बोलवा. पीठ जुळतं का, भाकरी कडेला चिरते का, हे तिच्या तळहाताला कळतं. कोठारात क्विंटल मोजून ते कळत नाही.

2016 साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव ज्यांनी कमावलं, त्यांच्या बांधावर आता विद्यापीठानं यावं. येत्या रब्बीत पेरणीआधी कुदळ घेऊन शेतकऱ्याबरोबर खड्डा घ्या. मुरूम किती हातांवर लागतो ते दोघांनी मिळून बघा. मगच बियाण्याची पिशवी फोडा.